शैलाची तीन मिनिटं

हुबळीला मी पस्तीस वर्षं जावई म्हणून जात आलो. जावयाला प्रवासवर्णन लिहिता येत नाही. त्याला स्टेशनवर उतरवून घेतात, जेवायला घालतात आणि पुन्हा स्टेशनवर सोडतात. मधलं गाव त्याने पाहिलेलंच नसतं. यंदा फेब्रुवारीत मी पहिल्यांदाच हुबळीला कामासाठी गेलो. काम एवढंच होतं, की फिनलंडहून आलेल्या एका बाईला 'नाही' म्हणून परत यायचं.

माझी बायको शैला हुबळीची. तिला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्याआधीच्या उन्हाळ्यात ती माहेरी गेली होती, तेव्हा आयनो नावाच्या या बाईने तिचं चित्रीकरण केलं होतं. आयनो व्हिडिओची कलावंत. देशोदेशी फिरायचं, साध्या माणसांना खुर्चीवर बसवायचं आणि हातात एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीत दुःख, आनंद, राग, भीती यांतलं एक काहीतरी. तसा एखादा दिवस आठवायचा, तीन मिनिटं काही बोलायचं नाही, आणि कॅमेरा चेहरा टिपणार. मग ते चेहरे भिंतीएवढ्या पडद्यांवर, आवाजाशिवाय, वेग कमी करून दाखवायचे. शैलाने तेव्हा फोनवर मला सांगितलंही होतं, "एका गोऱ्या बाईने माझं तोंड काढून नेलंय. आता परदेशात दाखवणार म्हणे." मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. "बरं," म्हणालो.

आता त्या चेहऱ्यांचं प्रदर्शन हुबळीत लागलं होतं. शैला गेल्याचं कळल्यावर आयनोने निरोप पाठवला, की नवऱ्याने होकार दिला तरच तिचा पडदा पुढे चालू ठेवीन, नाहीतर रविवारी काढून टाकीन. हा निरोप शैलाच्या धाकट्या भावाने, अण्णाने, फोनवर सांगितला आणि वर म्हणाला, "दुःखाच्या खोलीत लावलंय ओ भावजी तिला. लई रडतीय. मी एक क्षण बघितलं आन् भाईर आलो."

या वाक्याने माझी झोप गेली. पस्तीस वर्षांत शैला रडलेली मी तीनदा पाहिली असेल. त्या उन्हाळ्यात तिला दुखणं नव्हतं, कसलं संकट नव्हतं. मग माहेरी जाऊन, परक्या बाईपुढे, मला न सांगता ती कशासाठी रडली?

त्यात कावळ्याची एक गोष्ट मनात होती. शैलाच्या दहाव्याला मी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवून हात जोडतो न जोडतो तोच कावळा शिवला. "तृप्त गेली हो," सगळे म्हणाले. मला, खरं सांगायचं तर, अपमान वाटला. मी मनात चार-पाच वचनं तयार करून नेली होती. तिची एकही इच्छा मागे राहिली नसेल? माझ्यासाठीसुद्धा? आणि आता अण्णा म्हणत होता, ती रडते आहे. कावळा खरा की पडदा? मी ठरवलं, की काहीच शोधायचं नाही. नकार द्यायचा. चार दिवस खपून तीन पानी पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि मिरजेहून निघालो.

देशपांडे नगर

अण्णा वकिली सोडून घरी बसला आहे. त्याची बायको पमावहिनी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या; अजून प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. घरात मराठी आणि कन्नड अशा मिसळलेल्या, की वाक्य एका भाषेत निघतं आणि दुसरीत पोचतं. मी एकदा विचारलं, कुठली केव्हा? वहिनी म्हणाल्या, "रागवायचं तर कन्नड. समजूत काढायची तर मराठी. खोटं बोलायचं असलं की इंग्रजी."

जेवायला एणगाई होती. म्हणजे लहान वांगी दाण्याचं कूट भरून, तेलात लोळवलेली. सोबत शेंगांची चटणी, आणि पापडासारखी कडक झालेली ज्वारीची भाकरी. आमच्याकडे मिरजेला भाकरी तव्यावरून ताटात येईपर्यंतच भाकरी असते. हुबळीला ती थप्पी लावून आठवडाभर ठेवतात, आणि शेजारीण आली तर चार काढून देतात. मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. रचून ठेवता येतो असा पदार्थ पाहिला की मला भरून येतं.

"शैलाक्का सहा खायची," अण्णा म्हणाला.

"चार," वहिनी म्हणाल्या.

"ताटातल्या चार. माळ्यावर चढून खाल्लेल्या दोन धरल्या नाहीत तुम्ही."

पाच महिने माझ्यासमोर शैलाचं नाव लोक हळू आवाजात घेत होते. इथे तिच्या भाकऱ्यांवरून भांडण चालू होतं. मी तिसरी भाकरी घेतली.

कोप्पीकर रोड

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं प्रदर्शनाला निघालो आणि कोप्पीकर रोडवर अडकलो. रिक्षा अडकली नाही, अण्णा अडकला. मिरची भजी तळल्याचा वास आला की तो वकील राहत नाही.

इथे मिरची भज्यांबरोबर गिरमिट खातात. आपल्या भेळेचा हा चुलत भाऊ. पण भेळ उड्या मारते आणि गिरमिट मांडी घालून बसतं. चुरमुऱ्यांना चिंच-गुळाचा, कांदा-टोमॅटोचा मसाला चोळलेला, वरून पुटाण्याचं, म्हणजे डाळ्याचं, पीठ. मी दोन प्लेटी खाल्ल्या. तिसरीला हात पुढे केला तेव्हा वहिनींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि मला चक्क लाज वाटून हसू आलं. निदान घशापर्यंत आलं. तिथे थांबलं. पाच महिने ते तिथेच थांबत होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "माझं पत्र तुझ्या पिशवीत आहे ना?"

अण्णाने हातातल्या भज्यांखालचा कागद पाहिला. मीही पाहिला. माझं सुवाच्य अक्षर तेलात पारदर्शक झालं होतं. 'माझ्या दिवंगत पत्नीच्या खाजगी भावनांचे' या शब्दांवर अर्धी मिरची पसरली होती.

"कागद होता म्हणून घेतला ओ," अण्णा म्हणाला. "दुसरं पान कोरडं आहे. म्हणजे, होतं."

"जगात एवढे कागद," वहिनी म्हणाल्या, "आणि ह्यांना ग्रंथपालाचाच मिळाला."

पत्राची घडी घालून मी खिशात ठेवली. सदऱ्यावर डाग उमटायला लागला.

कमरीपेठ

प्रदर्शन कमरीपेठेतल्या एका जुन्या कापसाच्या वखारीत होतं. आजूबाजूला शिंपी, पितळी भांड्यांना कल्हई लावणारे, पत्र्याच्या पेट्या ठोकणारे. मध्येच ही वखार, आणि दारात ढीगभर चपला. चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं. आत मोठी माणसं भिंतीवर बसली आहेत म्हटल्यावर लोकांनी आपणच काढल्या.

आयनो पन्नाशीची, उंच, खणाचा सदरा घातलेली. गल्ली तिला ऐनक्का म्हणते. सदरा शिवणारा मंजप्पा शिंपी रागाच्या खोलीत पडद्यावर होता आणि प्रत्यक्षातही पडद्याखालीच उभा होता. स्वभावाने गाय. पडद्यावर मात्र नाकपुड्या फुगवून डोळे गरागरा फिरवत होता. दुकान बंद करून रोज चार गिऱ्हाइकं तो इथे घेऊन यायचा.

"बघून घ्या ओ," तो मला म्हणाला. "माझ्या बायकोला पटत नव्हतं, मला राग येतो म्हणून."

आनंदाच्या खोलीत फिनलंडचा एक म्हातारा होता. चेहरा दगडी पाटीसारखा. तीन मिनिटांत एकदा पापणी लवली. पडद्यासमोर गल्लीतल्या बायका बसून त्याची चिकित्सा करत होत्या.

"बस चुकली असेल."

"छे, पोट साफ नाही."

"सुनेने जेवायला वाढलं नसेल बिचाऱ्याला."

खाली पाटीवर लिहिलं होतं, मुलगी झाली तो दिवस. सगळ्यांनी ते दोनदा वाचलं. मग एक म्हणाली, "मुलगी झाल्यावर एवढा आनंद!" आणि त्या दगडाकडे तिने फार मायेने पाहिलं. आमच्याकडे चेहरा घराच्या ओट्यासारखा असतो, येणाराजाणारा टेकतो. त्यांच्याकडे तो आतल्या खोलीसारखा असावा. मला त्या म्हाताऱ्याशेजारी बरं वाटलं.

मग आयनो आली. मला इंग्रजी येतं, पण ते वाचायचं इंग्रजी आहे, तोंडातून निघत नाही. त्यामुळे वहिनी दुभाषी झाल्या. आयनो दोन मिनिटं अगदी मनापासून बोलली, माझ्या दुःखाबद्दल, माझ्यावर कसलंही दडपण नसल्याबद्दल.

"ती म्हणते वाईट झालं," वहिनी म्हणाल्या. "आणि चहा घेणार का. चहाचं मी विचारलं."

"तिला सांगा," मी म्हणालो, "मला हे चित्रीकरण कुठेही दाखवायला नको आहे."

वहिनी इंग्रजीत म्हणाल्या, "माझे भावजी आधी बघतील."

"वहिनी, मी असं म्हणालो नाही."

"नाही म्हणालात. म्हणायला हवं होतं. न वाचता पुस्तकाला नावं ठेवलेली तुम्हाला चालतात का? चला."

आणि त्यांनी मला दुःखाच्या खोलीत ढकललं.

खोलीत पाच पडदे होते. शैला समोरच्या भिंतीवर, माझ्या दुप्पट उंचीची. खांदे हळूहळू वर जात होते, थरथरत होते, खाली येत होते. पदराचा बोळा करून तिने तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डावा डोळा मिटलेला, उजवा छताकडे. माझ्या शेजारची एक बाई मुसमुसत होती.

मी तो डावा डोळा पाहिला. पदराचा बोळा पाहिला. आणि पस्तीस वर्षांपूर्वीच्या घाटावर जाऊन उभा राहिलो.

आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते आणि माझे वडील गेले. गणिताचे मास्तर, तोंडाने कडक. दहाव्याला कावळा शिवेना. आमच्याकडे बायकाही घाटावर येतात. सगळं गोत उन्हात ताटकळत होतं. मी हात जोडून एकेक वचन देत होतो. आईला सांभाळीन. कावळा ढिम्म. बहिणीचं लग्न करीन. त्याने चोच पुसली. घराला गिलावा करीन. तो उडून पलीकडच्या फांदीवर गेला. दीड तास झाला. शेवटी रडकुंडीला येऊन मी ओरडलो, "अप्पा, तुम्ही नेलेलं वाचनालयाचं पुस्तक मी परत करीन!"

कावळा बाणासारखा आला आणि पिंडावर बसला.

सगळ्यांनी हात जोडले. नव्या सुनेने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती गदगदा हलायला लागली. माझ्या आत्याने तिला कुशीत घेतलं. "रड बाई, रड. सासऱ्यासाठी एवढी रडणारी सून मी पहिल्यांदा बघते." आत्या ही गोष्ट मरेपर्यंत गावभर सांगत होती. शैला हसत होती हे फक्त मला माहीत होतं. घरी आल्यावर तिने मला खोलीत ओढून, डोळे पुसत, कबूल केलं होतं.

पडद्यावर ती तेच करत होती. तोच डोळा, तोच बोळा. वेग कमी केला की हसणं आणि रडणं सारखंच दिसतं. आणि तोंडात पदर कोंबून हसणारी बाई फिनलंडने कधी पाहिली नसावी. आयनोला बिचारीला काय ठाऊक! सख्ख्या भावाला एका क्षणात कळलं नाही.

घशाशी थांबलेलं ते हसू सुटलं. आधी आवाज आला नाही. मग मी खाली बसलो. मला बोळा करायला पदर नव्हता, म्हणून खिशातलं पत्र काढून तोंडावर धरलं; त्याला भज्यांचा वास येत होता, त्याने आणखीच सुटलं. शेजारची मुसमुसणारी बाई धावली. "अळब्याडरी, अळब्याडरी," ती पाठीवरून हात फिरवत रडू नका म्हणून विनवायला लागली. कुणी पाणी आणलं. मंजप्पा रागाच्या खोलीतून आला आणि माझ्याकडे बघून स्वतःच रडायला लागला. आयनो दारात पांढरीफटक उभी होती.

"मी तुम्हाला उगाच ढकललं," वहिनी कानाशी म्हणाल्या. "माफ करा हो."

"ती हसतेय," मी म्हणालो. "वहिनी, ती हसतेय."

धाप लागत लागत कावळ्याची गोष्ट सांगितली. वहिनींनी ती आयनोला सांगितली, या वेळी शब्दाला शब्द. 'वाचनालयाचं पुस्तक' इथपर्यंत आल्या आणि एकदम थांबल्या.

"कुठलं पुस्तक?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"मधमाशापालनाचं. अप्पांनी आयुष्यात एक माशी पाळली नाही. ते पुस्तक कधी सापडलंच नाही. मी ग्रंथपाल, आणि घरच्याच माणसाने पुस्तक बुडवलं. लाजेने नावसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. शैलालाही नाही. ती मला जन्मभर म्हणायची, तुम्ही कावळ्याला फसवलंत."

वहिनी आता वेगळ्याच चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होत्या.

"भावजी, घरी चला."

पुन्हा देशपांडे नगर

अण्णाने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवली. पेटीत शैलाच्या कॉलेजच्या वह्या, रिबिनी, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं एक कापडी बांधणीचं पुस्तक. पहिल्या पानावर आमच्या वाचनालयाचा शिक्का. तारखांच्या कागदावर शेवटची तारीख, आणि समोर अप्पांची सही.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येताना तिने गाडीत वाचायला म्हणून सासऱ्याच्या फळीवरून एक पुस्तक उचललं होतं, आणि इथेच विसरली होती. कावळ्याने मागितलं ते हेच, हे तिला पस्तीस वर्षं माहीत नव्हतं.

"चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी तिला ते सापडलं," वहिनी म्हणाल्या. "सही बघितली आणि जी हसत सुटली! दिवसभर. काय झालं म्हटलं तर सांगेना. दुपारी ऐनक्काकडे गेलो, मी बाहेरच बसले. आत हिला चिठ्ठी आली दुःखाची, सासऱ्याच्या दहाव्याचा दिवस आठवला असणार हिने. आल्यावर मला म्हणाली, 'हे इथेच असू दे. दिवाळीला ह्यांना इथे आणणार, समोर बसवून हातात देणार. मला ह्यांचं तोंड बघायचंय.'"

दिवाळीच्या आधी ती गेली.

मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. आत बेचाळिसाव्या पानाशी रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं जुनं तिकीट होतं.  माझ्या मनात, विचित्र वाटेल, पण आनंदाची एक लाट आली. एक इच्छा राहिली होती तिची! तिच्या पिंडाला शिवलेल्या कावळ्याला काही कळलं नव्हतं. तृप्तबिप्त काही गेली नव्हती ती. तिला माझं तोंड बघायचं होतं.

धारवाड

आयनो धारवाडला राहते, एका आंब्याच्या झाडाखालच्या दोन खोल्यांत. हुबळीतून वीस किलोमीटरवर आलं की हवा एकदम मास्तरीण होते. लोक हळू बोलतात आणि रस्ते वरखाली जातात. शनिवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. वाटेत पेढे घेतले. धारवाडचा पेढा तपकिरी, साखरेत घोळलेला, भाजलेल्या दुधाच्या वासाचा. कंदी पेढ्याचा अभिमान बाळगणारा मी सातारा-मिरज पट्ट्यातला माणूस आहे; पाच खाल्ले, हे लिहून ठेवतो.

आयनो रात्रभर झोपली नव्हती. ती म्हणाली, तिची चूक झाली, शैलाचा पडदा ती आनंदाच्या खोलीत हलवणार आहे. वहिनींनी हे मला नेमकं सांगितलं. कालपासून त्या इमानदार दुभाषी झाल्या होत्या.

 मग, पहिल्यांदाच, माझ्या वाचायच्या इंग्रजीत बोललो. म्हणालो, हलवू नका. तुम्ही तिला दुःखाचा दिवस आठवायला सांगितलंत, तिने तोच आठवला. आमच्या घरातला तो सगळ्यांत दुःखाचा दिवस होता, अगदी खरा. ती तिथेच राहू दे.

होकार लिहून द्यायला कागद मागितला तर वहिनींनी, वखारीतून उचलून ठेवलेलं, माझ्याच पत्राचं कोरडं उरलेलं अर्धं पान पुढे केलं. त्यावर सही केली.

"आणखी एक," मी म्हणालो. "माझंही करा. तीन मिनिटं."

आयनोने खुर्ची मांडली, कॅमेरा लावला आणि चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. मी चिठ्ठी घेतली नाही. पिशवीतून पुस्तक काढलं, पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

"चिठ्ठी न घेता कसं?" तिने विचारलं. "मी हे कुठल्या खोलीत लावू?"

"तिच्या समोरच्या भिंतीवर," मी म्हणालो. "तिला दिसेल असं."

अण्णा वहिनींच्या मागे जाऊन उभा राहिला. आयनोने हात वर केला. मी कागद सोडवला, पहिलं पान उघडलं, शिक्का पाहिला, अप्पांची सही पाहिली, आणि मान वर करून समोर पाहिलं.